सर्व्हिसबेरी लावायची आहे? आधी जागा बघू, मग झाड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मध्य न्यू जर्सीत घर घेतलंत, समोरच्या अंगणातलं ब्रॅडफर्ड पेअर (नाशपातीच्या जातीचं शोभेचं झाड) वादळात मधोमध फाटलं, ते काढून टाकावं लागलं आणि आता त्याच जागी सर्व्हिसबेरी (पांढऱ्या फुलांचं, खाण्याजोग्या फळांचं लहान झाड) लावायचा विचार आहे. जागा दक्षिणेकडची, ड्राइव्हवेला लागून, दिवसभर उन्हाची. एप्रिलात पांढरी फुलं हवीत, मुलांना तोडून खायला फळं हवीत आणि दुपारी हॉलमध्ये येणारं ऊनही अडायला हवं. शिवाय नर्सरीत एका खोडाचं झाड घ्यावं की अनेक खोडांचं, आणि हेच झाड नाशिकला आईबाबांच्या अंगणात लावता येईल का, असंही विचारलंत.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं बागा आखायचं आणि झाडं लावायचं काम करते. सर्व्हिसबेरी माझं आवडतं झाड आहे, लोकांना मी ते आग्रहाने सुचवते. तरीही तुम्ही सांगितलेल्या नेमक्या जागी मी ती लावणार नाही. अंगणात दुसरीकडे कुठे लावायची ते पुढे सांगतेच, पण आधी कारण समजून घ्या. ते कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

मोठं पेअर गेल्यावर घरासमोर एकदम ओकंबोकं वाटतं आणि ती जागा एकाच झाडाने भरून निघावी असं वाटणं साहजिक आहे. पण सावली, फुलोरा आणि फळं अशी तीन कामं तुम्ही एकाच झाडावर टाकताय. सर्व्हिसबेरी त्यातली दोन उत्तम करते. सावली धरणं हे तिचं काम नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानात ती ओक-मेपलसारख्या उंच झाडांच्या खाली किंवा रानाच्या कडेला वाढते. तिथे मुळांवर पाचोळ्याचा जाड थर असतो, माती थंड आणि किंचित आम्लधर्मी असते, सकाळचं ऊन भरपूर मिळतं आणि दुपारी वरच्या फांद्यांची विरळ सावली असते. बागेत ती साधारण वीस-पंचवीस फुटांवर थांबते. पानं लहान, फांद्या मोकळ्या. तिच्यातून ऊन झिरपतं, अडत नाही.

आता डांबरी ड्राइव्हवेच्या कडेची दक्षिणेची जागा डोळ्यांसमोर आणा. जुलैत ते डांबर तापतं, त्याच्या खालची मातीही तापते आणि मुळं नेमकी तिकडेच पसरायला बघतात. अशा ठिकाणी सर्व्हिसबेरी मरते असं नाही, पण जुलैअखेर पानांच्या कडा करपतात, ऑगस्टमध्ये निम्मी पानं गळतात आणि ऑक्टोबरात जो नारिंगी-लाल रंग बघायचा तो बघायला पानंच उरत नाहीत. असं दमलेलं झाड खोडकिड्याला लवकर बळी पडतं. आणि रोजची कटकट म्हणजे गाडी. जूनमध्ये फळं पिकली की पक्षी दिवसभर झाडावर असतात, आणि जांभळ्या विष्ठेचे डाग पांढऱ्या गाडीवरून लवकर निघत नाहीत. म्हणून गाडी उभी राहते तिथपासून आणि पायवाटेपासून निदान दहा-बारा फूट लांब.

उन्हाचं मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवं. भरपूर ऊन मिळालं तर फुलं, फळं आणि पानांचा रंग तिन्ही जास्त येतात. दाट सावलीत लावलेलं झाड लांबुडकं वाढतं, फुलं तुरळक येतात आणि शरदात पानं नुसती पिवळी पडतात. त्यामुळे ऊन हवंच, फक्त मुळांशी गारवा हवा. तळाशी रुंद मल्च (मातीवर पसरलेला पाचोळ्याचा किंवा लाकडाच्या तुकड्यांचा थर) असेल, जमीन ओल धरणारी असेल, तर दिवसभराच्या उन्हातही झाड मजेत राहतं. तेच ऊन डांबराच्या आणि दगडी भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत मिळालं तर त्रास. सकाळपासून दुपारपर्यंत पाच-सहा तास ऊन आणि नंतर थोडी सावली ही मला सगळ्यात चांगली वाटणारी जागा.

तुमच्या घराच्या पूर्वेला किंवा ईशान्य कोपऱ्यात अशी जागा आहे का बघा. आणखी एक गोष्ट बघा, जी नर्सरीवाले सहसा सांगत नाहीत: झाडाच्या मागे काय आहे? फुलं पानांच्या आधी किंवा कोवळ्या पानांबरोबर येतात, पाच अरुंद पाकळ्यांची, लोंबत्या घोसांत. ती पांढऱ्या व्हिनाइल साइडिंगसमोर (घराच्या बाहेरच्या भिंतीवरचं प्लास्टिकचं आवरण) अक्षरशः दिसत नाहीत. मागे सदाहरित झाडांची रांग, विटांची भिंत किंवा गडद रंगाचं कुंपण असेल तर तोच फुलोरा दुरून उठून दिसतो. आणि हा फुलोरा फार तर आठवडा-दहा दिवस टिकतो. एखादा कडक उन्हाचा दिवस किंवा जोराचा पाऊस आला तर त्याहून कमी. चेरीसारखा भरगच्च गुलाबी ढग डोक्यात असेल तर निराशा होईल. सर्व्हिसबेरी जवळून बघायचं झाड आहे. ओट्यापाशी उभं राहून खिडकीतून दिसेल, रोज ये-जा करताना शेजारून जाल, अशा ठिकाणी लावा. हिवाळ्यातही तिची राखाडी गुळगुळीत साल, तिच्यावरच्या उभ्या गडद रेषा आणि लांब टोकदार कळ्या बघण्यासारख्या असतात, पण दहा फुटांवरून. रस्त्याच्या पलीकडून नाही.

मग हॉलमधल्या उन्हाचं काय? त्यासाठी समोर मोठं झाडच हवं. जागा असेल आणि वर विजेच्या तारा नसतील तर नैऋत्येला स्वॅम्प व्हाइट ओक, रेड ओक किंवा ब्लॅक गम लावा. दुपारचं ऊन तिकडूनच येतं. सावली धरायला वर्षं लागतील, पण पेअरसारखं फाटणार नाही. वर तारा असतील तर गणित बदलतं. तिथे उंच झाड लावून वीज कंपनीकडून दर काही वर्षांनी मधोमध छाटून घेण्यापेक्षा सर्व्हिसबेरीसारखं आटोपशीर झाडच योग्य, आणि उन्हासाठी खिडकीला पडदा किंवा छज्जा हा जास्त प्रामाणिक उपाय. रस्त्याकडेची पट्टी बहुतेक ठिकाणी टाऊनशिपच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, अखत्यारीत असते, तिथे परवानगी विचारा. घरमालकांची संघटना असेल तर त्यांनाही. आणि खणायच्या आधी 811 ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्या आखून घ्या. ते फुकट आहे.

पेअरच्या बुंध्याबद्दल. ब्रॅडफर्ड हे वाण अमेरिकेच्या कृषी खात्याने 1963 मध्ये बाजारात आणलं. त्याच्या सगळ्या फांद्या खोडाच्या एकाच टापूतून अरुंद कोनात वर जातात, म्हणून झाड मोठं झालं की फाटतंच. त्याची रोपं रानोमाळ पसरू लागल्यामुळे ओहायोने 2023 मध्ये आणि पेनसिल्व्हेनिया व साउथ कॅरोलायनाने 2024 मध्ये या जातीच्या विक्रीवर बंदी घातली. तुमचं झाड गेलं याचं फार वाईट वाटून घेऊ नका. पण नुसतं वरून कापलं असेल तर जुन्या मुळांतून फुटवे येतील, काटेरीसुद्धा. ते खूंट (ज्यावर ब्रॅडफर्डचं कलम बांधलेलं होतं) पुन्हा वाढत असतात. कोवळे असतानाच काढत राहा. बुंधा यंत्राने दळून घेतला असेल तर त्या भुश्शाच्या खड्ड्यात नवं झाड लावू नका. भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि वर्षभरात जमीन खचून झाड खाली बसतं. भुसा काढून माती भरा आणि नवं झाड सहा-आठ फूट बाजूला लावा.

आता जात. इथे गोंधळ फार आहे, कारण नर्सरीत एकाच झाडाला सर्व्हिसबेरी, शॅडब्लो, जूनबेरी अशी वेगवेगळी नावं असतात आणि एकाच नावाखाली वेगवेगळी झाडं. (शॅड मासे डेलावेअर नदीत चढू लागतात त्याच सुमारास ही फुलते. लॅम्बर्टव्हिलला एप्रिलात शॅडचा उत्सव भरतो, तेव्हा नदीकाठच्या रानाकडे नजर टाका, पांढरे ठिपके दिसतील.) म्हणून लेबलवरचं शास्त्रीय नाव वाचा. अमेलँकियर कॅनडेन्सिस ही किनारपट्टीकडच्या ओलसर जमिनीतली, मुळांतून फुटवे काढत पसरणारी मोठी झुडूपवजा जात. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यासाठी, पावसाचं पाणी जिरवायच्या खोलगट वाफ्यासाठी छान, पण जागा व्यापते. अमेलँकियर आर्बोरिया खऱ्या अर्थाने झाड होते, मात्र तिची फळं बरेचदा कोरडी आणि बेचव. अमेलँकियर लीव्हिसची कोवळी पानं तांबूस-जांभळी असतात, त्यांवर पांढरी फुलं सुरेख दिसतात आणि फळं गोड, रसाळ. या शेवटच्या दोघींचा संकर म्हणजे ग्रँडिफ्लोरा, आणि नर्सरीत तुम्हाला बहुधा त्याचीच वाणं मिळतील: ऑटम ब्रिलियन्स, प्रिन्सेस डायना, रॉबिन हिल.

शोभा आणि फळं दोन्ही हवीत तर तुमच्यासाठी मी लीव्हिस किंवा ऑटम ब्रिलियन्स घेईन. ऑटम ब्रिलियन्सचा शरदातला रंग भरवशाचा आहे. जागा अरुंद असेल तर रॉबिन हिल, ते सरळ वर जातं आणि त्याच्या कळ्या गुलाबी असतात. कॅल्गरी-एडमंटनकडे राहणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी मात्र अल्निफोलिया, म्हणजे सॅस्कटून घ्यावी. ती तिकडच्या गवताळ प्रदेशातलीच आहे, कोरडी थंडी तिला मानवते आणि फळांसाठी तिचीच लागवड होते. आमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात तिच्या पानांवर डाग पडतात.

एक खोड की अनेक? माझं मत अनेक खोडांच्या बाजूने आहे. तीन ते पाच खोडं, वर जाताना एकमेकांपासून थोडी दूर झुकलेली, हे तिचं नैसर्गिक रूप. साल दिसते, आणि एखादं खोड किडीने गेलं तरी झाड उभं राहतं. एका खोडाचं झाड पायवाटेजवळ किंवा तारांखाली रांगेत लावायला सोयीचं, पण तळातून येणारे फुटवे दरवर्षी काढावे लागतात. ते कलमी असेल तर फुटवे खुंटाचे असतात आणि सोडून दिले तर काही वर्षांनी विकत घेतलेलं वाण बाजूला राहून खुंटच मोठा होतो. झाड स्वतःच्या मुळांवर आहे का, हे विकत घेताना विचारा. अनेक खोडांचं घेताना खोडं तळाशी एकमेकांना घासत नाहीत ना, आणि मुळांच्या एकाच गोळ्यात तीन वेगळी रोपं कोंबलेली नाहीत ना, हे वाकून बघा.

लावताना बहुतेक झाडं एकाच कारणाने बिघडतात: खोल लावली जातात. कुंडीतली किंवा गोणपाटातली वरची माती बोटांनी बाजूला करा. खोड जिथे पसरून मुळांत शिरतं तो भाग सापडेपर्यंत काढत राहा. कधी तो दोन-तीन इंच खाली गाडलेला असतो. तो भाग जमिनीच्या पातळीला, किंवा जड चिकणमातीत इंचभर वर यायला हवा. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल नको. तारेची जाळी आणि गोणपाट निदान वरच्या अर्ध्यातून कापून काढा. कुंडीत गोल फिरलेली मुळं कापा, भीती बाळगू नका. खड्ड्यात विकतची माती भरू नका, निघालेलीच परत घाला, नाहीतर मुळं त्या मऊ खड्ड्यातच घुटमळतात. वर दोन-तीन इंच मल्च, खोडापासून चार बोटं लांब, आणि पसरट. खोडाला टेकून मल्चचे डोंगर रचायची इथे जी पद्धत पडली आहे, तिने साल कुजते. मल्चचं आळं मोठं ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे गवत कापायचं यंत्र खोडापर्यंत जात नाही. सर्व्हिसबेरीची साल पातळ असते, गवत छाटायच्या यंत्राच्या फिरत्या दोरीचा एक फटका बसला तरी जखम होते आणि खोडकिडा तिथूनच शिरतो.

पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवून चालत नाही. सहा-आठ फुटी झाडाला पाऊस नसेल त्या आठवड्यात दहा-पंधरा गॅलन, सावकाश, बुंध्याशी. लॉनचे स्प्रिंकलर फक्त वरची माती भिजवतात आणि पानं ओली ठेवतात, त्याने रोग वाढतात. बोट मातीत खुपसून बघा. दोन इंचांवर कोरडं लागलं तर पाणी द्या. खताची गरज नाही. जास्त नत्र दिलं तर कोवळी वाढ फोफावते आणि फायर ब्लाइटला (फांद्यांची टोकं करपवणाऱ्या रोगाला) आमंत्रण मिळतं. छाटणी हिवाळ्याच्या शेवटी, एकमेकांवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्यांपुरती. फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात, त्यामुळे हिवाळ्यात जितकं कापाल तितकी फुलं कमी.

आता तांबेऱ्याबद्दल नीट ऐका, कारण फळांच्या आशेने लावणाऱ्यांना याची आधी कल्पना असायला हवी. आपल्याकडे गव्हावर येतो त्याच गटातली ही बुरशी. तिचं अर्धं आयुष्य ईस्टर्न रेड सीडरवर जातं आणि अर्धं सर्व्हिसबेरी, हॉथॉर्न, क्विन्स अशा झाडांवर. वसंत ऋतू ओला गेला की जूनमध्ये हिरव्या फळांवर नारिंगी, बारीक केसांसारख्या नळ्या उगवलेल्या दिसतात. ती फळं खाण्याजोगी राहत नाहीत. पानं निरोगी ठेवणारी वाणं आहेत, ऑटम ब्रिलियन्स त्यातलं एक, पण ओल्या वर्षी फळांवर तांबेरा तिच्यावरही येतो. शेजाऱ्याचं सीडर तोडायला लावू नका, बीजाणू मैलोन्मैल वाऱ्यावर येतात. झाड यामुळे मरत नाही. फवारणी करायची तर फुलं येण्याच्या सुमारास, रोग दिसायच्या आधी करावी लागते, आणि जी फळं मुलं खाणार त्यांवर मी ती करणार नाही. म्हणून हिशेब असा धरा: कोरड्या वसंतात फळांची चंगळ, ओल्या वसंतात फुलांवर समाधान. फायर ब्लाइटमध्ये फांदीचं टोक करपून वाकतं. कोरडा दिवस बघून रोगट भागाच्या निदान आठ-दहा इंच खाली कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा.

फळं दिसायला ब्लूबेरीसारखी, पण नात्याने सफरचंदाच्या कुळातली. आधी लाल होतात आणि मग जांभळी-काळी. गोडी जांभळ्या रंगाला येते, बी चावली की बदामाचा हलका स्वाद लागतो. मुलांना खूप आवडतात. अडचण ही की रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग हे पक्षी लाल रंगालाच सुरुवात करतात, त्यांना थांबायचं नसतं. अख्ख्या झाडावर जाळी टाकू नका, पक्षी अडकतात. खालच्या दोन-चार घोसांना लग्नातल्या भेटवस्तूंच्या असतात तशा ऑर्गँझाच्या छोट्या पिशव्या बांधा आणि वरची फळं पक्ष्यांना राहू द्या. फळांसाठी दुसरं झाड लागत नाही, एकटीलाही धरतात. एक गोष्ट नर्सरीत आवर्जून विचारा: झाडाला मुळांतून देण्याचं कीटकनाशक दिलेलं आहे का? हो म्हणाले तर पहिल्या हंगामाची फळं मुलांना देऊ नका. माहीत नाही म्हणाले तरी देऊ नका.

हरणं तुमच्याकडे येत असतील तर लहान झाडाला पाच फुटी तारेचा वेढा घाला. नर हरणं शरदात खोडाला शिंगं घासून साल सोलतात. सशांसाठी तळाशी बारीक जाळी, दोन फूट उंच. बर्फ साचतो त्याच्यावर उभं राहून ससे वरची साल कुरतडतात, म्हणून एवढी उंची.

नाशिकला मात्र नाही. या झाडाला हिवाळ्यात पानं टाकून लांब, सलग थंडीत झोपावं लागतं, तेव्हाच कळ्या फुलतात. नाशिकची थंडी रात्रीपुरती, दिवसा ऊन तापतंच. रोप जगलं तरी फुलणार नाही. आईबाबांना पांढरी फुलं हवीत तर पांढरा कांचन लहान अंगणात मावतो, आणि नातवंडं सुट्टीत आली की तोडून खायला काही हवं असेल तर तुती. पक्षी तिच्यावरही तितक्याच संख्येने येतात.

तुमच्यासाठी वाण नक्की करायचं तर मला अजून दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, पाण्याचा निचरा: निवडलेल्या जागी फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसरं पाणी किती वेळात जिरतं ते बघा. मध्य जर्सीत लाल शेलची (थराथरांच्या खडकाची) चिकणमाती असेल तर दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसू शकतं, मग आपण कॅनडेन्सिसचा विचार करू किंवा जमीन थोडी उंचावू. दुसरी, पूर्वेच्या बाजूला घराच्या भिंतीपासून किती फूट मोकळे आहेत. अनेक खोडांच्या झाडाला दहा-बारा तरी लागतील.